मॉल वाढतोय, रस्ता तेवढाच : इंदिरानगर-पाथर्डी फाटा भागातल्यांनो, सही द्यायची का?

बोगद्यापलीकडचा

मंडळी, नाशिकच्या आपल्या भागातला मॉल वाढतोय म्हणे. गेल्या आठवड्यात मॉलवाल्यांनी आजूबाजूच्या सोसायट्यांच्या चेअरमन-सेक्रेटरींना चहापानाला बोलावलं होतं. भिंतीवर मोठाली रंगीत चित्रं : काचेची नवी इमारत, पुढे कारंजं आणि चित्रातल्या रस्त्यावर मोजून तीन गाड्या. आपल्या रस्त्यावर तीनच गाड्या मी फक्त लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पाहिल्यात.

मागच्या मोकळ्या प्लॉटवर, जिथे पोरं क्रिकेट खेळतात, तिथे नवी विंग येणार. आणखी दुकानं, सिनेमाचे आणखी पडदे, मोठा फूड कोर्ट. निघताना प्रत्येकाच्या हातात काजूकतलीचा बॉक्स आणि एक छापील कागद दिला : ‘आमच्या सोसायटीची सदर विस्तारास हरकत नाही.’ खाली सही-शिक्क्याला जागा. आमच्या सेक्रेटरींनी दोन्ही घेतलं आणि ‘कमिटीपुढे ठेवतो’ म्हणून सटकले.

माझं म्हणणं सरळ आहे. मॉल असू दे, मीही जातो. पण रविवारी संध्याकाळी गोविंदनगरहून हायवेखालच्या बोगद्यातून अलीकडे यायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात माणूस विल्होळीला जाऊन येईल. त्यात आणखी पाच पडदे सुटले की काय होणार? आमची मीटिंग येत्या रविवारी आहे. सही द्यावी का? आणि नाही दिली तर कुणाचं काही अडतं का?

सिडकोकर

आधी काजूकतली कुठल्या दुकानाची होती ते सांगा. मत नंतर बनवू.

एफएसआय_खाऊ

बांधकामाच्या धंद्यात आहे, आधीच सांगतो, म्हणजे नंतर कुणी ‘बिल्डरचा माणूस’ म्हणून शोध लावायला नको.

नाशिककरांचं हे नेहमीचंच. हायवेवरचा उड्डाणपूल होत होता तेव्हा विरोध. आता त्याच पुलावरून द्वारका चौक चुकवून आडगावला जाताना सगळे खूश. मॉल झाला की आजूबाजूच्या फ्लॅटचे भाव वाढतात, पोरांना काम लागतं, महापालिकेला प्रीमियम आणि घरपट्टी मिळते. प्लॉट मोकळा राहिला तर काय मिळतं? पावसाळ्यात डास आणि बारा महिने कुणाच्या तरी घराच्या तोडफोडीचं डेब्रिस. खासगी जमीन आहे. तुमच्या पोरांच्या क्रिकेटसाठी मालकाने ती जन्मभर मोकळी ठेवायची का?

पोरं_सांभाळा

@एफएसआय_खाऊ, तुमच्या घराजवळ मैदान आहे का हो? आमच्या सोसायटीत खेळायला जागा म्हणजे दोन खांबांमधली पार्किंगची फरशी. बॉल लागला की पहिल्या मजल्यावरच्या काकू खिडकीत येतात आणि तो जप्त करतात. त्यांच्याकडे आता एक बादली भरून बॉल आहेत, मी स्वतः पाहिलीय. म्हणून पोरं त्या प्लॉटवर जातात. डेब्रिस पोरं टाकत नाहीत, तुमच्याच धंद्यातले ट्रॅक्टर रात्री येऊन टाकतात.

एफएसआय_खाऊ

ट्रॅक्टर माझे नाहीत ताई. बादलीचं मात्र पटलं.

गुडघेदुखी

वय ७४. या धाग्यावर बहुतेक मी एकटाच मॉलच्या बाजूने बोलणार, म्हणून जरा सविस्तर.

मी रोज सकाळी अकरा वाजता मॉलमध्ये जातो. काही घेत नाही. तळमजल्याला तीन फेऱ्या मारतो, वरच्या मजल्यावर दोन, मग सरकत्या जिन्याशेजारच्या बाकावर बसतो. तिथे आमचा पाच-सहा जणांचा कट्टा आहे. एप्रिल-मे महिन्यात बाहेर चालून दाखवा. पूर्वी नाशिकची हवा थंड म्हणून लोक इथे यायचे, आता चाळिशी ओलांडते. जॉगिंग ट्रॅक आहे, पण तिथवर जायचं तर रस्ता ओलांडावा लागतो. फुटपाथवर आधी मोटारसायकली, मग केळीची गाडी, मग उघडं चेंबर. मॉलमध्ये फरशी सपाट आहे, स्वच्छ संडास आहे, आणि घेरी आली तर धावत येणारा वॉचमन आहे. हे तिन्ही मला महापालिकेच्या रस्त्यावर दाखवा, मी विरोधाच्या कागदावर पहिली सही करतो.

पोरं_सांभाळा

काका, तुमचा मुद्दा कळतो. पण तुमच्या फेऱ्यांना आहे तो मॉल पुरतो ना? वाढवायचा कशाला?

गुडघेदुखी

बाक वाढतील म्हणून. सध्या कॉलेजची पोरं बसलेली असतात, उठत नाहीत.

रविवार_कारंजा

आमचं गावात, म्हणजे जुन्या नाशकात, कापडाचं दुकान, आजोबांपासूनचं. नाशकात पहिला मॉल आला तेव्हा आमच्याकडे रडारड झाली होती : आता मेनरोड संपला, दहीपूल संपला, शालिमार बसला. तसं काही झालं नाही. लग्नाचा बस्ता बांधायला माणूस अजून मेनरोडलाच येतो, कारण त्याला पन्नास साड्या गादीवर उलगडून हव्या असतात आणि भाव करायचा असतो. मॉलमध्ये साडी कुणाच्या खांद्यावर टाकून बघणार?

मार बसला तो दुसरीकडून. शर्ट-पँट, मुलांचे कपडे, बूट हे गिऱ्हाईक गेलं. त्यातलं थोडं मॉलकडे आणि बाकीचं मोबाइलवर. आता मॉलवालेही त्याच मोबाइलला घाबरतात. म्हणून नव्या विंगमध्ये कपड्यांची दुकानं कमी आणि पडदे, खाणं, पोरांच्या उड्या मारायच्या जागा जास्त, असं असणार. सिनेमा आणि जेवण घरपोच येतं, पण गर्दी घरपोच येत नाही, आणि लोकांना गर्दीच हवी असते.

म्हणून माझा व्यापारी म्हणून विरोध नाही. गावात गाडी लावायला जागा कधी देणार ते तेवढं विचारा कुणीतरी.

मिसळ_आणि_मत

पाच पडद्यांवर लागणार काय? आणि पॉपकॉर्नच्या एका टबात मखमलाबाद रोडला चार जणांची मिसळ होते. पापड, दही, जिलेबीसकट.

सिडकोकर

मखमलाबाद रोडला आता पूर्वीची चव राहिली नाही.

मिसळ_आणि_मत

हे वाक्य मागे घ्या.

सिडकोकर

नाही घेत. चुलीवरची म्हणून पाटी लावतात, आणि मागे गॅस.

रविवार_कारंजा

मिसळीसाठी वेगळा धागा काढा रे. नाहीतर दोनशे प्रतिसाद होतील आणि इकडे मॉलचा स्लॅब पडलेला असेल.

दुसरी_शिफ्ट

मी त्याच मॉलमधल्या एका कपड्यांच्या दुकानात काम करते. सगळे आमच्याबद्दल बोलतायत, म्हणून लिहिते.

‘पोरांना काम लागतं’ हे खरं आहे. मलाही लागलं. बारावीनंतर अंबडला कंपनीत जायचं की इथे, असा प्रश्न होता. इथे एसी आहे, कपडे नीटनेटके घालून जाता येतं, आईला सांगायला बरं वाटतं. पण फ्लोअरवर बसायचं नाही. स्टूल नाही. गिऱ्हाईक नसलं तरी उभंच राहायचं, आणि हाताला काम हवं म्हणून घडी घातलेले शर्ट मोडून परत घडी घालायचे. रविवारी सुट्टी नसते, सणाला तर नाहीच. दहाला शटर पडतं, मग हिशेब. घरी जायला रिक्षा, तीही चौघी मिळून, नाहीतर दिवसाचा पगार तिथेच जातो.

आमच्या मजल्यावरची दोन दुकानं बंद झाली. बाहेर रंगीत फ्लेक्स लावलाय ‘लवकरच येत आहे’. बराच काळ येतंच आहे. जुना भरत नाही तर नवा कशाला, हे मला कुणी समजावून सांगाल का?

एफएसआय_खाऊ

@दुसरी_शिफ्ट, सांगतो. मॉलवाल्याचं पोट दुकानाच्या विक्रीवर नाही, भाड्यावर असतं. करारात एक ठरावीक भाडं असतं किंवा विक्रीतला टक्का, दोन्हींत जास्त असेल ते. त्याशिवाय सफाई, एसी, वॉचमन यांचा मेंटेनन्स वेगळा, तो फुटावर. छोट्या दुकानदाराला हे झेपत नाही, तो जातो. मोठा ब्रँड आणि मल्टिप्लेक्स यांना फुटाचा भाव कमी लावून आणतात, कारण त्यांच्यामुळे लोक येतात. त्यांना अँकर म्हणतात. जुन्या इमारतीत अँकरला लागणारी उंची आणि सलग जागा नाही, म्हणून नवी विंग. ती चालली की जुन्यातली रिकामी दुकानंही भरतील, असा हिशेब.

दुसरी_शिफ्ट

म्हणजे आमचा मजला भरायला शेजारी दुसरा मॉल बांधायचा.

एफएसआय_खाऊ

थोडक्यात, हो.

द्राक्षबाग

आमचं गाव पिंपळगाव खांब. आई आणि चुलती रोज दुपारी चारला मॉलच्या कोपऱ्यावर भाजी घेऊन बसतात. मेथी, कोथिंबीर, शेपू, घरच्या शेतातली. मॉलमधून एसीतली भाजी घेऊन बाहेर आलेली बाई कोथिंबिरीची जुडी मात्र आईकडून घेते, कारण आत ती प्लॅस्टिकमध्ये चार काड्या असते.

मॉल वाढला की त्यांना पहिलं उठवणार. मागे दिवाळीत गेटसमोर प्लॅस्टिकचे लाल शंकू लावले होते. रस्ता सार्वजनिक, शंकू मॉलचे. वॉचमन शिट्टी मारून आईला म्हणतो, ‘मावशी, पाटी मागे घ्या.’ मागे गटार आहे. फेरीवाल्यांचा केंद्राचा कायदा २०१४चा आहे. त्यात सर्वेक्षण, नगर पथविक्रेता समिती, ठरवून दिलेल्या जागा असं सगळं आहे. चहापानाला त्या कोपऱ्यावरच्या बायकांना बोलावलं होतं का हो?

बोगद्यापलीकडचा

नव्हतं बोलावलं. सही-शिक्का असलेल्यांनाच बोलावलं.

निवृत्त_नकाशेवाला

इतके प्रतिसाद झाले, पण मूळ प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं नाही. आयुष्य नकाशे तपासण्यात गेलं, तेव्हा चार गोष्टी सांगतो.

सोसायटीच्या ‘हरकत नाही’ला बांधकाम परवानगीत काडीची किंमत नाही. परवानगी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४४ खाली मागतात आणि ४५ खाली देतात किंवा नाकारतात. शेजाऱ्याची सही त्यात कुठेही लागत नाही. मग ती का मागतात? पुढे कुणी कोर्टात गेलं किंवा आयुक्तांकडे तक्रार केली, तर दाखवायला : बघा, परिसरातल्या सगळ्यांची संमती आहे. म्हणजे कागद निरुपयोगी आहे तो त्यांच्या परवानगीपुरता. तुमच्या तक्रारीची हवा काढायला पुरेसा आहे.

आता खरा मुद्दा. तो मागचा प्लॉट नुसता मोकळा आहे की विकास आराखड्यात त्यावर आरक्षण आहे, म्हणजे मैदानासारख्या सार्वजनिक कामासाठी तो राखून ठेवलाय? आपल्या शहराचा सुधारित आराखडा २०१७ मध्ये मंजूर झाला. त्यात त्या सर्व्हे नंबरवर रंग कोणता आहे, ते कुणी पाहिलंय का? मैदानाचं आरक्षण असेल तर सगळा खेळ बदलतो.

पोरं_सांभाळा

आरक्षण असेल तर त्यांना बांधताच येणार नाही ना?

निवृत्त_नकाशेवाला

इतकं सोपं नाही. तीन वाटा असतात.

एक, कलम ३७ खाली आराखड्यात फेरबदल करायचा. त्यासाठी राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत सूचना द्यावी लागते आणि हरकती-सूचनांना एक महिना मिळतो. इथे तुमच्या कागदाला खरी किंमत आहे, कारण हरकत घेणाऱ्याला सुनावणी द्यावी लागते.

दोन, समावेशक आरक्षण. मालकाने आरक्षणाचा ठरावीक भाग महापालिकेला द्यायचा आणि उरलेल्यावर आपलं बांधकाम करायचं. हे २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत, म्हणजे सगळे युडीसीपीआर म्हणतात त्यात, बसतं. यासाठी फेरबदलाची जाहिरात लागत नाही. आपल्याला कळतं तेव्हा प्लॉटभोवती पत्र्याचं कुंपण लागलेलं असतं.

तीन, कलम १२७. आराखडा अमलात येऊन दहा वर्षं झाली आणि महापालिकेने जमीन घेतली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देतो. त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण रद्द झालं असं समजतात. २०१७ मध्ये दहा मिळवा. म्हणजे विस्ताराच्या हालचाली नेमक्या आत्ताच का सुरू झाल्या, याचा अंदाज येईल.

एफएसआय_खाऊ

काका, तुम्ही रिटायर झालात ते बरं झालं. पण एवढंही बोला की आरक्षण टाकून महापालिका वर्षानुवर्षं पैसे देत नाही, तेव्हा मालकाने काय करायचं? जमीन त्याची, विकता येत नाही, बांधता येत नाही. कलम १२७ त्याच्यासाठीच केलंय.

निवृत्त_नकाशेवाला

बरोबर आहे. मालकाचा हक्क मी नाकारत नाही. महापालिकेने वेळेत पैसे किंवा टीडीआर (म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) देऊन मैदान घ्यावं, असं मागणं हा नागरिकांचा हक्क. तोही वापरा.

सिडकोकर

आणि सांगायचं कुणाला? मार्च २०२२ नंतर बरीच वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. वॉर्डातला दिवा गेला तरी कुणाच्या दारात जायचं कळत नव्हतं.

मिसळ_आणि_मत

नगरसेवक होते तेव्हा कळत होतं, एवढंच. दिवा तेव्हाही लागत नव्हता.

पाण्याची_टाकी

रस्त्यावर सगळे बोलले, पाण्यावर कुणीच नाही. आपल्या भागाला मुकणे धरणाचं पाणी विल्होळीच्या शुद्धीकरण केंद्रातून येतं. उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत एक वेळ येतं, तेही पहाटे, मोटर लावायला कुणी उठलं तर. फूड कोर्टात भांडी धुवायला, शेकडो लोकांच्या संडासाला आणि एसीच्या कूलिंग टॉवरला पाणी कुठून येणार? टँकर. टँकर कुठून भरणार? बोअर. कुणाचं पाणी खाली जाणार? शेजाऱ्यांचं.

इमारतीचं एकूण बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त होत असेल तर २००६च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते. ती नसताना पायासुद्धा खणता येत नाही. आणि वाढीव बांधकामात जुनं धरूनच बेरीज करतात. त्या अर्जात पाणी किती लागणार, सांडपाणी किती परत वापरणार, वाहनं किती येणार, सगळं लिहावं लागतं. ती मंजुरीची पत्रं सरकारी संकेतस्थळावर असतात. कारंज्याच्या चित्रापेक्षा ते वाचा.

झाडावरचा

प्लॉटच्या कडेला दोन कडुनिंब आणि एक जुनी चिंच आहे. चिंच बरीच जुनी. राज्याच्या १९७५च्या वृक्ष कायद्यात २०२१ला दुरुस्ती झाली, पन्नास वर्षं आणि वरचं झाड ‘हेरिटेज’ धरतात. तोडायच्या आधी झाडाला नोटीस चिकटवतात, हरकतीला सात दिवस मिळतात. तपोवनातल्या झाडांसाठी नाशिककर रस्त्यावर उतरले ते ताजं आहे. येता-जाता बुंध्याकडे बघत चला. नोटीस पावसात भिजून पडायच्या आत फोटो काढा.

गुडघेदुखी

तपोवनात मीही उभा होतो, घडीची खुर्ची घेऊन. त्या चिंचेला हात लावला तर मीसुद्धा भांडेन. पण मॉलला माझा पाठिंबा कायम.

सिडकोकर

काका, तुमची युती कळेना.

गुडघेदुखी

सावली दोन्हीकडे आहे.

बेसमेंटची_चावी

एक मुद्दा राहिला : पार्किंग. मागच्या पावसाळ्यात मी त्या बेसमेंटला चारचाकी लावायला गेलो. खालच्या लेव्हलला दोरी बांधलेली आणि पाटी, ‘फुल’. पण वर येणाऱ्या गाड्या दिसेनात. म्हणून उतरून चालत खाली गेलो. अर्ध्या जागेत दुकानांचे खोके, मोडके पुतळे, कुठल्यातरी ब्रँडच्या सेलच्या कमानी. हात नसलेली एक पुतळी गाडीच्या पट्ट्यांच्या बरोबर मधे उभी. म्हणजे मंजूर नकाशात तिथे पार्किंग, प्रत्यक्षात गोदाम, आणि आपल्या गाड्या बोगद्याच्या तोंडापर्यंत रस्त्यावर.

पार्किंग किती हवं ते दुकानांना चटई क्षेत्रावर आणि सिनेमाला खुर्च्यांवर मोजतात. नव्या विंगला नवं पार्किंग दाखवतीलच. आधी जुनं मोकळं करा, हे पहिलं.

आगीचंही तेच. मुंबईत नागपाड्याला ऑक्टोबर २०२० मध्ये मॉल पेटला, तो विझवायला दोन दिवसांहून जास्त लागले. बेसमेंटमध्ये खोके आणि थर्माकोल भरून ठेवणं म्हणजे काय, ते समजून घ्या. २००६च्या राज्याच्या अग्निसुरक्षा कायद्यात मालकाने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, यंत्रणा चालू असल्याचा बी फॉर्म द्यायचा असतो.

दुसरी_शिफ्ट

त्या गोदामाच्या मागेच आमचा बाहेर पडायचा जिना आहे. खोक्यांमधून आडवं होऊन जावं लागतं. माझं नाव कुठे घालू नका.

बोगद्यापलीकडचा

नाही घालणार. तारखेसह फोटो असेल तर तेवढा पाठवा, त्यात माणूस नको.

रविवारची मीटिंग झाली, सांगतो. अडीच तास. एका सदस्याने ‘फ्लॅटचा भाव वाढेल’ म्हटल्यावर अर्धे गप्प झाले. मग दुसऱ्याने विचारलं, विकणार कोण आहे? हात वर करा. कुणी केला नाही. शेवटी ठरलं ते असं : छापील कागदावर सही नाही. आपण आपलं पत्र द्यायचं, नगररचना विभागाला आणि प्रत आयुक्तांना, राजीव गांधी भवनात आवक-जावकला देऊन पोचीचा शिक्का घ्यायचा. ‘मॉल नको’ असं एक अक्षर त्यात नाही. मागण्या अशा : प्लॉटच्या आरक्षणाची सद्यस्थिती लेखी द्या, जुन्या बेसमेंटची पाहणी करून पार्किंग मोकळं करा, नव्या विंगचं गेट बोगद्याच्या रस्त्यावर न देता मागच्या बाजूने द्या, कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यांची जागा आखून द्या, मैदान आरक्षित असेल तर किती आणि कुठे राहणार ते नकाशावर दाखवा. मंजूर नकाशाची प्रत माहिती अधिकारात मागतोय, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर अपील.

निवृत्त_नकाशेवाला

अर्जात नुसतं ‘मॉलचा नकाशा’ लिहू नका, ‘माहिती स्पष्ट नाही’ म्हणून परत येईल. सर्व्हे नंबर, मंजुरीचं वर्ष, ‘मूळ व सुधारित बांधकाम परवानगी, पार्किंग आराखडा व भोगवटा प्रमाणपत्र यांच्या प्रमाणित प्रती’ असं लिहा.

एफएसआय_खाऊ

गेट मागच्या बाजूने हा मुद्दा चांगला आहे. मी डिझायनर असतो तर तसंच केलं असतं. चला, एवढं कबूल.

द्राक्षबाग

भाजीवाल्यांचं पत्र आम्ही वेगळं देऊ. आठ जणी आहेत, सगळ्यांचे अंगठे नाहीत, सह्या आहेत. कुणी टाइप करून द्याल का?

पोरं_सांभाळा

मी देते. आईंना उद्या पाचला कोपऱ्यावर भेटते.

गुडघेदुखी

नकाशेवाले, एक विचारतो. हरकती-सूचनांमध्ये समर्थनाचं पत्र देता येतं का?

निवृत्त_नकाशेवाला

येतं. कलम ३७ची सूचना निघाली तर समर्थनही नोंदवतात.

बोगद्यापलीकडचा

काका, तुम्ही तुमचं द्या, पण बाकांचा मुद्दा आमच्या पत्रात घालू का? मॉलच्या आत आणि बाहेर रस्त्यावर, दोन्हीकडे.

गुडघेदुखी

घाला. पाठ टेकायला असलेले बाक, असं स्पष्ट लिहा. नाहीतर ग्रॅनाइटचे ओटे करून देतील, उन्हात तापलेले.